पेल्यात काय, ताटात काय?

"डॉक्टर, बिअर म्हणजे काही दारू नव्हे ना?" हा प्रश्न आमच्या ओपीडीत नेहमीचा आहे. विचारणारा बहुधा पुण्याला नोकरी करणारा आणि सणाला गावी आलेला तरुण असतो. त्याच रांगेत धडगावकडचे एखादे बाबा बसलेले असतात. त्यांचं म्हणणं असतं, "ताडी तर झाडाचं पाणी, ती कशी बाधेल?" दोघांना उत्तर एकच आहे, पण ते नुसतं "पिऊ नका" असं दिलं की दोघेही मान डोलावतात आणि घरी जाऊन हवं तेच करतात. म्हणून आज जरा सविस्तर सांगतो.

पुण्यात २००९ साली 'डूलाली' सुरू झाली आणि तिथल्या तिथे बनवलेली, ताजी, कमी प्रमाणात काढलेली क्राफ्ट बिअर महाराष्ट्राला माहीत झाली. आता तिथे चार-पाच छोट्या ग्लासांतून वेगवेगळ्या बिअर चाखायला देतात आणि कोणत्या बिअरबरोबर कोणता पदार्थ जमतो हेही सांगतात. यात थट्टा करण्यासारखं काही नाही. त्यामागे खरं रसायनशास्त्र आहे. गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण त्यात केळं नसतं आणि लवंगही नसते. ती करामत यीस्टची. काळ्या स्टाउटला कॉफीसारखी चव येते ती करपवून भाजलेल्या बार्लीमुळे. बिअरचा कडवटपणा हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांचा. आणि कडू बिअरबरोबर खारे शेंगदाणे का आवडतात? मिठातलं सोडियम जिभेवरचा कडवटपणा दाबतं म्हणून. त्याच मिठाने तहान लागते आणि दुसरा ग्लास मागवला जातो, हे चाखण्याच्या तक्त्यावर लिहिलेलं नसतं.

खरं तर ताजं, स्थानिक, हंगामी पेय आणि त्याच्या जोडीचं खाणं ही गोष्ट आमच्या सातपुड्याला कोणी शिकवायला नको. ताडाच्या फुलोऱ्याला छेद देऊन मडकं बांधतात. रस उतरतो तेव्हा गोड असतो, त्यात साधारण १० ते १४ टक्के साखर असते. मडक्यातले आणि हवेतले यीस्ट व जिवाणू लगेच कामाला लागतात. सकाळची ताडी गोडसर, दुपारची चढणारी आणि संध्याकाळची आंबट, हा फरक आमच्याकडचा कोणीही जाणकार एका घोटात सांगेल. मडक्याला आतून चुना लावला तर आंबणं थांबतं आणि नीरा मिळते. मोहाचं तसंच. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली गरदार फुलांचा सडा पडतो. बासमती आणि आंबेमोहर तांदळाला ज्या द्रव्यामुळे सुवास येतो, तेच द्रव्य मोहाच्या फुलात सापडलं आहे. सुकवलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. ती भिजवून, आंबवून, मग भट्टीवर चढवून दारू उतरवतात. पहिली धार जमिनीवर देवाला, मग माणसाला.

इंग्रजांना हे परवडणारं नव्हतं. १८७८ चा अबकारी कायदा आणि १८९२ चा मोहाच्या फुलांबाबतचा कायदा, दोन्हींचा रोख महसुलावर होता, कोणाच्या यकृतावर नव्हे. दारू सोडण्याची मोठी हाक आली ती आदिवासींमधूनच. १९२२-२३ ची देवीची चळवळ दक्षिण गुजरातेतून खानदेशात पोचली आणि १९३०च्या दशकात तळोद्याजवळच्या मोरवडच्या संत गुलाम महाराजांनी हजारो कुटुंबांची दारू सोडवली. आज वारं पुन्हा फिरलं आहे. गोव्यात मोहाची दारू सुबक बाटलीतून विकली जाते, आणि नर्मदेपलीकडच्या अलीराजपूर जिल्ह्यात बचत गटाने बनवलेल्या मोहाच्या दारूला मध्य प्रदेश सरकारने वारसा म्हणून मान्यता दिली आहे. गरिबाच्या घरची वस्तू बाटलीत गेली की तिला मान मिळतो, हा अनुभव नाचणीने आणि ज्वारीनेही घेतला आहे.

मान मिळो न मिळो, यकृताला लेबल वाचता येत नाही. त्याला फक्त अल्कोहोलचे ग्रॅम कळतात. हिशेब सोपा आहे. पेयाचे मिलिलिटर गुणिले टक्केवारी, त्याला ०.८ ने गुणा. पाच टक्क्यांची ५०० मिलीची क्राफ्ट बिअर म्हणजे २० ग्रॅम. आठ टक्क्यांची 'स्ट्राँग' ६५० मिलीची बाटली म्हणजे जवळपास ४२ ग्रॅम. मोहाची दारू ३० टक्के धरली तर १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ४३ ग्रॅम. म्हणजे "मी फक्त एक बिअर घेतली" म्हणणारा शहाद्याचा तरुण आणि "क्वार्टर मारली" म्हणून ज्याला घरात बोलणी बसतात तो त्याचा काका, दोघं एकाच ठिकाणी उभे आहेत. ताडीची टक्केवारी चार ते सहाच्या आसपास असते, पण तांब्याने प्यायली तर तीही तिथेच पोचते. यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅमच निकाली काढतं. लिंबू, ताक, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ यांनी त्याचा वेग वाढत नाही. रात्री दोनला थांबलेला माणूस सकाळी सातला मोटरसायकल चालवतो तेव्हा त्याच्या रक्तात अल्कोहोल असू शकतं.

आता ताटाकडे येऊ, कारण डॉक्टर म्हणून मला जोडीच्या खाण्यात खरा रस आहे. उपाशीपोटी घेतलेलं अल्कोहोल जठरातून झरकन लहान आतड्यात उतरतं आणि तिथून रक्तात. पोटात भाकरी, डाळ, अंडं, मासळी असेल तर जठराचं खालचं दार उशिरा उघडतं आणि रक्तातली पातळी बरीच खाली राहते. दाळ्या, फुटाणे, फुणके, भाजलेली मासळी ही आमच्याकडची जोड या दृष्टीने चकण्याच्या तळलेल्या पाकिटांपेक्षा कितीतरी बरी. पण खाण्याने वेग कमी होतो, ग्रॅम कमी होत नाहीत. शिवाय अर्ध्या लिटर बिअरमध्ये एका मोठ्या भाकरीएवढे, म्हणजे सुमारे २०० उष्मांक असतात. युरिक अ‍ॅसिड वाढलेल्यांनी बिअर आणि मटण ही जोडी तर विसरावी, कारण बिअरमध्ये प्युरिनही असतं आणि अंगठ्याचा सांधा रात्रीच सुजतो.

नंदुरबारच्या मिरचीबद्दल एक गैरसमज आहे. झणझणीत शेवभाजीवर थंडगार बिअर प्यायली की आग विझते, असं म्हणतात. उलट होतं. मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरच्या ज्या ग्राहीला चेतवतं, त्यालाच अल्कोहोल अधिक संवेदनशील करतं. बुडबुड्यांची चुणचुण वर. गारवा क्षणभराचा असतो आणि माणूस तो टिकवायला घोटामागून घोट घेत राहतो. तिखट खरंच उतरवायचं असेल तर दही किंवा दूध घ्या.

सर्वांत वाईट जोडी म्हणजे दारू आणि रिकामं ताट. दिवसभर राबून, न जेवता, नुसती पिऊन झोपलेल्या माणसाचं यकृत अल्कोहोल निस्तरण्यात गुंतलेलं असतं. नवी साखर बनवण्याचं काम त्यात बंद पडतं. सकाळी तो उठत नाही. घरचे म्हणतात, "चढलीय, झोपू द्या." प्रत्यक्षात त्याची रक्तातली साखर ४० वर आलेली असते. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांत हे आणखी लवकर होतं. हलवून जाग येत नसेल तर कुशीवर झोपवा, तोंडात काही ओतू नका आणि लगेच दवाखान्यात आणा. क्षयाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना तर मी साफ सांगतो, ते सहा महिने एक थेंबही नको, कारण गोळ्या आणि दारू दोन्हींचा मार यकृतावरच बसतो.

भेसळीचं वेगळं. ताडीत क्लोरल हायड्रेट किंवा झोपेच्या गोळ्यांची पूड मिसळण्याचे प्रकार आपल्या राज्यात वारंवार उघडकीला आले आहेत. अशी ताडी अचानक सुटली की हातपाय थरथरतात, झटके येतात. तेव्हा "ताडी सोडल्याने आजारी पडला" असं म्हणू नका, उपचार करा. हातभट्टीत नवसागर पडतो. मिथेनॉल हे त्याहून भयंकर. २०१५ साली मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं मिथेनॉलमिश्रित दारूने गेली. प्यायल्यानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे धुकं, पोटात कळा, धाप असं काही झालं तर उतरण्याची वाट पाहू नका. वेळेत डायलिसिस झालं तर जीव वाचतो, कधी दृष्टीही.

आणि आमच्या जिल्ह्याची खास काळजी. सिकलसेलच्या रुग्णाच्या मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवणं आधीच जमत नाही. अल्कोहोल लघवी वाढवतं. शरीर कोरडं पडलं की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, एकमेकींत अडकतात आणि हाडांत असह्य कळा सुरू होतात. काठीच्या होळीला लोक रात्रभर नाचतात. अंगातून घाम, वर पहाटेचा गारठा, पाण्याचा पत्ता नाही आणि पेल्यात ताडी किंवा बिअर. त्यानंतरचे दोन-तीन दिवस वॉर्डात पाठ, मांड्या, छाती धरून कण्हणारी तरुण मुलं येतात. ज्यांच्याकडे सिकलसेलचं लाल कार्ड आहे त्यांनी होळीला जरूर जावं, ढोलाच्या तालावर नाचावं, दाळ्या-गूळ-खजूर खावेत. पेला मात्र पुढे आला की दुसऱ्याकडे द्यावा, कमरेला पाण्याची बाटली बांधावी आणि तहान लागण्याची वाट न पाहता पीत राहावं. छातीत दुखू लागलं, ताप आला किंवा धाप लागली तर उजाडण्याची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.