उद्देशिकेतील एक क्रियाविशेषण : ‘हिअरबाय’

परिपाठाच्या वेळी संविधानाची उद्देशिका म्हणताना न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता या शब्दांवर विद्यार्थ्यांचा आवाज आपोआप चढतो. अखेरच्या ओळीतील ‘याद्वारे’ हा शब्द मात्र घाईने उरकला जातो. मूळ इंग्रजी पाठात त्या जागी ‘हिअरबाय’ हे क्रियाविशेषण असून ते मोठ्या अक्षरांत छापलेले आहे. आमच्या मते त्या ओळीचा सारा भार याच शब्दावर आहे, म्हणून त्याच्या अर्थाचा व वापराचा थोडा विचार येथे करीत आहोत.

शब्दाची फोड सोपी आहे, फसवीही आहे. ‘हिअर’ म्हणजे येथे आणि ‘बाय’ म्हणजे जवळ, असे धरून काही विद्यार्थी त्याचा अर्थ ‘येथे जवळच’ असा करतात. परंतु येथील ‘हिअर’ स्थळवाचक नाही; तो हातातील कागदाकडे, उच्चारल्या जाणाऱ्या वाक्याकडे बोट दाखवतो. ‘बाय’ म्हणजे ‘च्या योगे’. तेव्हा ‘या लेखाने’, ‘हे शब्द उच्चारण्यानेच’ असा पूर्ण अर्थ होतो. मराठीत ‘याद्वारे’ आणि हिंदी उद्देशिकेत ‘एतद्द्वारा’ हे प्रतिशब्द योजले आहेत, ते अगदी अचूक आहेत.

या शब्दाला सगळी क्रियापदे चालत नाहीत. ‘मी याद्वारे जाहीर करतो’, ‘मी याद्वारे राजीनामा देतो’, ‘आपणांस याद्वारे कळविण्यात येते’ ही वाक्ये शुद्ध आहेत. ‘मी याद्वारे जेवतो’ म्हटले तर हसू येईल, कारण जेवण शब्दांनी होत नाही. जाहीर करणे, नेमणूक करणे, प्रमाणित करणे, रद्द करणे ही कामे मात्र शब्दांनीच होतात. शिष्यवृत्तीच्या अर्जाखाली ‘वरील माहिती खरी असल्याचे मी याद्वारे जाहीर करतो’ असे छापलेले असते. तेथे सही केली की घोषणा झाली. माहिती खोटी निघाली तर जबाबदारी सही करणाऱ्याची. अर्जासोबत कागद जोडताना मात्र अनेक जण हाच शब्द वापरतात, ते चूक. ‘यासोबत’ या अर्थी इंग्रजीत ‘हिअरविथ’ हा वेगळा शब्द आहे.

ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत या शब्दाचा कसोटीसारखा उपयोग सुचवला. काही वाक्ये घडलेली गोष्ट सांगतात आणि काही वाक्ये उच्चारताच गोष्ट घडवतात, हा त्यांच्या विवेचनाचा आरंभबिंदू. वाक्यात ‘हिअरबाय’ घालून पाहावा. तो बसला तर वाक्य दुसऱ्या जातीचे, असे साधारणपणे समजावे.

इंग्रजी अशा वाक्यांत बहुधा साधा वर्तमानकाळ वापरते. आपली बोलती मराठी येथे वेगळ्या वाटेने जाते. ‘जा, माफ केलं तुला’, ‘शब्द दिला’, ‘हा मळा आजपासून तुझ्या नावे केला’ या वाक्यांतील रूप भूतकाळाचे, पण कृती त्याच क्षणाची. बोलणाऱ्याने तोंड उघडण्यापूर्वी माफी झालेली नव्हती. हा बारकावा व्याकरणाच्या तासाला सहसा येत नाही. संविधान वाचताना मात्र तो उपयोगी पडतो.

उद्देशिकेत ‘याद्वारे’ने जे घडते ते २६ नोव्हेंबर १९४९ या तारखेस. सदस्यांनी सह्या केल्या त्या त्यानंतर, २४ जानेवारी १९५० रोजी. म्हणजे ‘अंगीकृत’ करण्याची क्रिया सह्यांची वाट पाहत थांबली नव्हती. संविधानसभेच्या निर्णयाने ती पुरी झाली होती. नागरिकत्व, निवडणुका इत्यादींविषयीची काही कलमे त्याच दिवशी लागू झाली आणि उरलेले संविधान २६ जानेवारी १९५० पासून. शेवटच्या, ३९५ व्या कलमात हाच इंग्रजी शब्द पुन्हा भेटतो. १९३५ चा भारत सरकार कायदा आणि १९४७ चा भारतीय स्वातंत्र्य कायदा तेथे ‘याद्वारे’ रद्द होतात. दोन्ही कायदे ब्रिटिश संसदेने केलेले होते आणि ते मोडीत काढण्यास हे एक वाक्य पुरले.

आता कलम १७ पाहू. येथे ‘हिअरबाय’ हा शब्द नाही. ‘अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे’ असे वाक्य विद्यार्थी मराठीत वाचतो, तेव्हा त्याच्या मनात रास्त शंका उभी राहते. वस्तीची विहीर, गावचे देऊळ, चहाच्या टपरीवरची वेगळी कपबशी यांविषयी घरच्या वडीलधाऱ्यांकडून त्याने बरेच ऐकलेले असते. मग संविधान खोटे बोलते काय? ऑस्टिन यांची कसोटी लावून पाहावी. ‘अस्पृश्यता याद्वारे नष्ट करण्यात येत आहे’ असे वाक्य सहज होते. अर्थात कलम १७ हा समाजस्थितीचा वृत्तान्त नव्हे. ‘पूल वाहून गेला’ या वाक्यासारखे ते वाचायचे नसून ‘शब्द दिला’ या वाक्यासारखे वाचायचे आहे. वृत्तान्त खोटा ठरू शकतो; दिलेला शब्द मोडला जातो, आणि मोडणाऱ्याला जाब विचारता येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीच्या मसुद्यात हे कलम ११ व्या क्रमांकावर होते. संविधानसभेने ते २९ नोव्हेंबर १९४८ रोजी स्वीकारले. अस्पृश्यतेतून निर्माण होणारी कोणतीही निःसमर्थता लादणे हा कायद्यानुसार शिक्षापात्र अपराध राहील, असे त्याच कलमाचे पुढचे वाक्य सांगते. ती शिक्षा ठरवणारा अस्पृश्यता (अपराध) अधिनियम १९५५ साली झाला. आज तोच नागरी हक्क संरक्षण अधिनियम या नावाने ओळखला जातो.