कलम गेलं, शिस्त राहिली

पलटणीतलं घर : लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण सुट्टीचं गणित मांडलं होतं. जवानाला वर्षाकाठी ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा. फील्ड पोस्टिंग असेल तर कुटुंब सोबत नेता येत नाही, आणि पीस स्टेशनला बदली झाली तरी फॅमिली क्वार्टरसाठी नंबर लागावा लागतो. म्हणजे सगळी रजा पदरात पडली तरी वर्षातले नऊ महिने नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे. या नऊ महिन्यांबद्दल घरात कुणी बोलत नाही, पारावर मात्र बोलतात. म्हणून आजचा विषय तोच : लांब राहणाऱ्या फौजी जोडप्यांमधली निष्ठा, आणि तिच्यावर पहारा कोण ठेवतं.

आधी कायद्याचं बघू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंड संहितेचं ४९७ कलम रद्द केलं आणि व्यभिचार फौजदारी गुन्हा राहिला नाही. घटस्फोटाचं कारण म्हणून तो आजही कायम आहे. या निकालानंतर संरक्षण मंत्रालयाने न्यायालयात अर्ज केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं : जवान घरापासून लांब, अवघड मुलखात उभा असतो, आपल्या पाठीमागे घरी काही भलतंसलतं तर चाललेलं नाही ना, ही काळजी त्याच्या मनात असते, तेव्हा हा निकाल सैन्यदलांच्या आड येऊ नये. ३१ जानेवारी २०२३ रोजी न्या. के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की २०१८च्या निकालाचा सैन्यदलांच्या शिस्तभंगाच्या कारवाईशी संबंध नाही. राज्यघटनेचा ३३वा अनुच्छेद सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालायची मुभा संसदेला देतो, त्यामुळे सैन्याचे कायदे वेगळे असू शकतात. कलम गेलं, तरी पलटणीतली कारवाई चालू राहिली ती अशी.

ही कारवाई होते कशाखाली? १९५०च्या लष्कर कायद्यात व्यभिचार नावाचा स्वतंत्र गुन्हा नाही. ४५वं कलम अधिकारी आणि जेसीओंच्या (कनिष्ठ आयुक्त अधिकाऱ्यांच्या) पदाला न शोभणाऱ्या वर्तनाचं आहे. त्यात अधिकाऱ्याची नोकरी आणि हुद्दा दोन्ही जाऊ शकतात. ६३वं कलम शिपायापासून वरपर्यंत सगळ्यांना लागू होतं : सुव्यवस्थेला आणि लष्करी शिस्तीला बाधा आणणारं कोणतंही कृत्य, शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद. सहकाऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणारा माणूस या कलमांत सापडतो.

या नियमाला अर्थ आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. छावण्यांमध्ये फील्डवर गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी राखलेले क्वार्टर असतात. नवरा चौकीवर, बायको-मुलं छावणीत, आणि आजूबाजूला त्याच सैन्यातली दुसरी माणसं. बाजारहाट, मुलांची शाळा, रात्री-अपरात्रीचं दवाखान्याचं काम, सगळं याच माणसांच्या भरवशावर चालतं. ज्याच्यावर कुटुंब सोपवलं त्यानेच घात केला, तर उद्या गोळीबारात त्याच्या शेजारी पडून कोण राहणार? सैन्याची ही भीती खोटी नाही.

पण मंत्रालयाच्या युक्तिवादात एक फट आहे. काळजी व्यक्त झाली ती घरच्यांविषयी, आणि लष्करी कायद्याचा हात पोचतो तो फक्त वर्दीतल्या माणसापर्यंत. माण-खटावमधल्या एखाद्या जवानाची बायको गावी राहते. तिच्या शेजारचा दुकानदार सिव्हिलियन, ती स्वतः सिव्हिलियन. कोर्ट मार्शलला या दोघांशी काही देणंघेणं नाही. जवानाच्या मनातली ती काळजी या कायद्याने दूर होत नाही, कारण तो कायदा त्याच्या गावात चालतच नाही. पलटणीतल्या माणसांचा एकमेकांवरचा विश्वास शाबूत ठेवायचं काम तो करतो. ते काम मोठं आहे, पण त्याला बायकांच्या चारित्र्याची सबब जोडायची गरज नव्हती.

ही सबब आली कुठून, ते जुन्या ४९७ कलमात दिसतं. दंड संहितेच्या मेकॉलेने केलेल्या १८३७च्या मूळ मसुद्यात व्यभिचाराचा गुन्हाच नव्हता; तो नंतर घातला गेला आणि १८६०च्या संहितेत आला. त्यात गुन्हेगार फक्त परका पुरुष. नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही. तक्रारीचा हक्क एकट्या नवऱ्याचा. नवऱ्याने बाहेर संबंध ठेवले तर बायकोला या कलमाखाली दाद नाही. आणि फौजी घरांच्या दृष्टीने सगळ्यात बोलकी तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १९८व्या कलमात होती : नवरा हजर नसेल, तर त्याच्या वतीने त्या बाईचा सांभाळ करणारा माणूस न्यायालयाच्या परवानगीने तक्रार करू शकेल. म्हणजे सासरा, दीर, चुलता. मालक परगावी गेला की राखणदाराने फिर्याद द्यावी, अशी ती रचना. ४९७ रद्द झाल्यावर तिलाही काही काम उरलं नाही. गावात मात्र ती रोज अमलात येते, त्याकडे वळण्याआधी मुंबईतल्या एका खटल्याकडे पाहू.

कमांडर कावस नानावटी नौदलात होते, ‘आयएनएस म्हैसूर’ या युद्धनौकेवर. कामानिमित्त महिनोन्‌महिने समुद्रावर. पत्नी सिल्व्हिया मूळच्या इंग्लंडच्या, मुंबईत तीन मुलांसह राहणाऱ्या. २७ एप्रिल १९५९ रोजी, जहाजावरून परतलेल्या नवऱ्याला त्यांनी प्रेम आहुजा या कुटुंबाच्या मित्राशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. नानावटींनी बायको-मुलांना मेट्रो थिएटरवर सोडलं, जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली, आहुजाच्या घरी गेले आणि त्याला गोळ्या घातल्या. मग स्वतःहून हजर झाले. ज्यूरीने त्यांना आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथे जन्मठेप झाली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. १९६४मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली.

खटल्याच्या काळात मुंबई नानावटींच्या बाजूने पेटली होती. रुसी करंजियांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने तर त्यांच्यासाठी मोहीमच चालवली. देशासाठी समुद्रावर गेलेला उमदा अधिकारी आणि त्याच्या पाठीमागे घरात शिरलेला श्रीमंत, छानछोकी माणूस, असं ते चित्र होतं. या चित्रात सिल्व्हियांना जागा एवढीच, की त्या भुलल्या. वर्षातले कित्येक महिने परक्या देशात एकटीने तीन मुलं वाढवणं म्हणजे काय, हा प्रश्न त्या गदारोळात बाजूलाच राहिला. आणि ज्या लग्नासाठी एक माणूस मारला गेला, ते लग्न मोडलंच नाही. सिल्व्हियांनी न्यायालयात नवऱ्याच्या बाजूने साक्ष दिली, माफीनंतर हे कुटुंब कॅनडाला गेलं, आणि २००३मध्ये नानावटींचं निधन होईपर्यंत दोघं एकत्र राहिले. जोडप्यांचा आपसातला हिशेब बाहेरच्यांच्या हिशेबाशी जुळतोच असं नाही, हे सांगायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

जाता जाता एक योगायोग. उच्च न्यायालयात नानावटींच्या विरोधात सरकारची बाजू मांडली ती यशवंतराव चंद्रचूड यांनी. पुढे सरन्यायाधीश असताना १९८५मध्ये त्यांनीच ४९७ कलम वैध ठरवलं. २०१८मध्ये ते रद्द करणाऱ्या पीठावर त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते.

आता गाव. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे असो की कोल्हापूरचं सैनिक टाकळी, पिढ्यान्‌पिढ्या फौजेत माणसं पाठवणाऱ्या गावांना ‘नवरा लांब’ ही गोष्ट नवी नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी सैनिकांची पत्रं इंग्रजांचं सेन्सॉर खातं उघडून वाचायचं. त्यांचे उतारे आज छापील स्वरूपात मिळतात. बायकोच्या वागण्याकडे लक्ष ठेवा, असं घरच्यांना बजावणारे सैनिक त्यांत आहेत, आणि तिथल्या बायकांशी जमलेल्या सलगीच्या बढाया मारणारेही आहेत. शंभर वर्षं होऊन गेली. पत्राची जागा फोनने घेतली, एवढाच काय तो फरक.

आणि फोनने गोष्टी सोप्या केल्यात असंही नाही. पूर्वी आंतर्देशीय पत्र पंधरा दिवसांनी यायचं. वाट बघणं दोघांच्याही अंगवळणी पडलेलं असायचं. आता चौकीवर रेंज आली की जवान दहा मिनिटं मोकळा असतो, आणि नेमका त्याच वेळी फोन बिझी लागतो. कुणाशी बोलत होतीस? व्हिडिओ कॉल कर, मागे कोण आहे दाखव. तिकडे रेंज नसली की इकडे ती चार दिवस जीव मुठीत धरून बसलेली, ते कुणी विचारत नाही. मग एखाद्या भावकीतल्याचा फोन जातो : वहिनी अलीकडे फार तालुक्याला जातात. वहिनी जातात बँकेत, मुलाच्या क्लासला, कॅन्टीनचं सामान आणायला. घरातली पुरुषाची सगळी कामं तिने करायची आणि ती करायला घराबाहेर पडली म्हणून नाव ठेवून घ्यायचं, हा खाक्या मला सगळ्यात जास्त चीड आणतो. राखणदारीचं जे कलम न्यायालयात संपलं, ते इथे भावकी चालवते, आणि इथे न्यायालयाच्या परवानगीची अट नाही.

आपल्या परंपरेने वाट पाहणाऱ्या बाईला मान दिला, तो एका ठरावीक पद्धतीने. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ परतले नाहीत, तरी त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी कुंकू पुसलं नाही, हे आपण आदराने सांगतो. पेशवाईतल्या शाहिरांच्या लावण्यांत मोहिमेवर गेलेल्या नवऱ्यासाठी झुरणारी बायको वारंवार भेटते. पण तो विरह लिहिला पुरुषांनी आणि बैठकीला बसून ऐकलाही बहुतेक पुरुषांनीच. तिकडे तळावर नवरा काय करतो, याची लावणी कुणी रचली नाही.

नवऱ्याने बाहेर घरोबा केला, पैसे पाठवणं थांबवलं, तर बायकोने काय करायचं? वाचकांच्या उपयोगाचा भाग हा आहे. तिला कोर्टाची पायरी चढण्याआधीचा एक मार्ग लष्कर कायद्यातच आहे. ९० आणि ९१ या कलमांखाली अधिकाऱ्याच्या किंवा जवानाच्या पगारातून बायको-मुलांच्या पोटगीची रक्कम परस्पर कापून देता येते. अर्ज नवऱ्याच्या युनिटच्या सीओंकडे, म्हणजे कमांडिंग ऑफिसरकडे करायचा. नवऱ्याला म्हणणं मांडायची संधी दिली जाते आणि मग वरिष्ठ अधिकारी रक्कम ठरवतात. बायकोसाठी पगाराच्या २२ टक्क्यांपर्यंत, आणि मुलं धरून एकूण ३३ टक्क्यांपर्यंत. कोर्टाचा मार्ग वेगळा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४व्या कलमाचा, म्हणजे जुन्या १२५चा.

या दुसऱ्या मार्गावर निष्ठेचा प्रश्न पुन्हा आडवा येतो. बायको व्यभिचारात राहत असेल तर तिला पोटगी नाही, असं कलम सांगतं. म्हणून पोटगी टाळणाऱ्या नवऱ्याचं पहिलं उत्तर पुष्कळदा चारित्र्याच्या आरोपाचं असतं, आणि पुरावा म्हणून भावकीतलीच माणसं उभी राहतात. पण ‘राहत असेल’ याचा अर्थ न्यायालयांनी सातत्याने असलेला संबंध असा लावला आहे. एखाद्या वेळच्या चुकीने हक्क जात नाही, ऐकीव गोष्टींनी तर नाहीच. आरोप सिद्ध करायची जबाबदारी नवऱ्यावर आहे.

तेव्हा फौजी घरातल्या सुनांनी तीन गोष्टी स्वतःजवळ ठेवाव्यात : नवऱ्याचा सर्व्हिस नंबर, युनिटचा पूर्ण पत्ता आणि आपलं नाव नवऱ्याच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये पत्नी म्हणून नोंदलं गेल्याची खात्री. नोंद नसेल तर भांडण नसतानाच करून घ्या. अडचण आली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. ही नोंद नसेल तर पोटगीपासून पेन्शनपर्यंत प्रत्येक ठिकाणी अडतं. पुढच्या लेखांकात पेन्शनबद्दल.