जळगाव-धुळ्यातल्या प्रत्येकाला एक टॉर्चिक

२०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२,२९,९१७ आणि धुळ्याची २०,५०,८६२ भरली. बेरीज ६२,८०,७७९. आता समजा, तान्ह्या बाळापासून पणजोबांपर्यंत या सगळ्यांना ‘पोकेमॉन रुबी’ हा व्हिडिओ गेम खेळायला बसवले. २००२ साली जपानमध्ये आलेल्या या खेळात सुरुवातीलाच ट्रीको, टॉर्चिक आणि मडकिप यांतला एक साथीदार निवडायचा असतो. सगळ्यांनी टॉर्चिक, म्हणजे आग ओकणारे कोंबडीचे पिल्लू उचलले.

यातली वेगळ्या रंगाची, म्हणजे ‘शायनी’ पिल्ले किती? ८,१९२ त एक हे प्रमाण. दोन्ही जिल्हे मिळून साधारण ७६७. खेळ सुरुवातीच्या साथीदारांत सात नरांमागे एकच मादी देतो, त्यामुळे शायनी मादी हवी असेल तर सगळ्या मुलखात जेमतेम ९६.

इथवर आकडे आवाक्यात आहेत. पण प्रत्येक टॉर्चिकच्या अंगात सहा गुण दडलेले असतात: जीव, हल्ला, बचाव, वेग, विशेष हल्ला, विशेष बचाव. प्रत्येकाला ० ते ३१ पैकी एक अंक मिळतो. बत्तीसला बत्तीसने गुणत सहा गुणांपर्यंत गेलो की १०७ कोटी ३७ लाख जोड्या होतात. सहाही ठिकाणी ३१ असलेली जोडी त्यात एकच. दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येकाने १७१ वेळा खेळ नव्याने मांडला, तर सरासरीने असा एक टॉर्चिक निघेल. एकट्याने, मिनिटाला एक या वेगाने शोधायचे तर २,०४१ वर्षे हवीत. म्हणजे सातवाहनांच्या काळातच बसायला हवे होते.

शिवाय स्वभाव २५ प्रकारचे. गुण आणि स्वभाव मिळून २,६८४ कोटी जोड्या.

खरी गंमत पुढेच आहे. खेळ फासे टाकत नाही. एका ठरलेल्या सूत्राने एका आकड्यातून पुढचा आकडा काढतो. हे सूत्र ३२ बिटांचे, म्हणून त्याच्या पोटात आकडे फक्त ४२९ कोटी. दर आकड्यातून फार तर एक टॉर्चिक. म्हणजे कागदावरच्या दर सहा जोड्यांतल्या निदान पाच जोड्या कुणाच्याही हाती कधीच पडणार नाहीत, मग दोन्ही जिल्हे जन्मभर खेळत बसले तरी!

आकड्यातून आकडा काढण्याचे हे चक्र सेकंदाला साधारण साठ पावले टाकते. पूर्ण फेरीला सव्वादोन वर्षे लागतात. आणि याच मालिकेतल्या २००४ च्या ‘एमरल्ड’मध्ये खेळ चालू केला की ते दर वेळी शून्यापासूनच निघते. भुसावळच्या पोराने आणि शिरपूरच्या पोरीने खेळ एकाच जागी सेव्ह केला आणि चालू केल्यावर सेकंदाच्या त्याच साठाव्या हिश्शाला बटण दाबले, तर दोघांच्या टॉर्चिकचे सहाही गुण आणि स्वभाव तंतोतंत सारखे निघतील. नशीब ज्याला म्हणतात, ते इथे बोट कधी टेकले एवढ्यावर ठरते.