मंडेलांची गोधडी

५ डिसेंबर २०१३ रोजी नेल्सन मंडेला गेले. त्यांना आदरांजली म्हणून दक्षिण आफ्रिका आणि अमेरिकेतल्या कलावंतांनी हाती घेतली सुई आणि शिवल्या गोधड्या. त्या गोधड्यांचे प्रदर्शन २०१४ मध्ये भरले. त्यामागे मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीचे संग्रहालय आणि ‘विमेन ऑफ कलर क्विल्टर्स नेटवर्क’ ही कृष्णवर्णीय गोधडीकारांची संघटना होती.

या गोधड्या अंगावर घ्यायच्या नाहीत, भिंतीवर लावायच्या. घडण मात्र आपल्या वाकळीसारखीच : वर चित्राचा थर, मध्ये भरण, खाली अस्तर आणि तिन्ही थर धरून ठेवणारा धावदोरा. चेहरा रेखायचा तर रंगछटांनुसार कापडाचे तुकडे कापून एकावर एक शिवतात. सुरकुती, हसू, डोळ्यांतली चमक, सगळे दोऱ्याने. हे काम रंगकामापेक्षा सोपे मुळीच नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या शिवणकामात ‘श्वेश्वे’ हे बारीक नक्षीचे सुती छापील कापडही आवडीने वापरले जाते.

मंडेलांसाठी गोधडीच का शोभते? २७ वर्षांच्या कैदेपैकी १८ वर्षे त्यांनी रॉबेन बेटावर काढली. तिथल्या चिंचोळ्या, दमट कोठडीत जमिनीवर चटई आणि पातळ कांबळी, एवढेच अंथरूण-पांघरूण होते. ज्याला ऊब नाकारली गेली, त्याची आठवण उबेच्याच वस्तूवर कोरली गेली.