वार्षिकाचे ई-पुस्तक : रूपरचनेची सुरुवात



आपल्यासारख्या मंडळांच्या कपाटांत जुनी वार्षिके आहेत. त्यांचा कागद पिवळा पडतो आहे आणि ज्यांनी ती वाचायची ती मुले-नातवंडे दूरच्या शहरांत आहेत. तेव्हा ई-पुस्तक करून ती फोनवर पोहोचवावीत, असा विचार बैठकांत निघतो. मजकूर टंकणारे कोणीतरी मिळते. पण त्या मजकुराला रूप कोणी द्यायचे, हा प्रश्न मागे राहतो. त्या कामाची सुरुवात कशी करावी, एवढेच आज सांगायचे आहे.

पहिली गोष्ट ही की मजकूर आणि रूप वेगळे ठेवावे लागतात. ईपब जातीचे ई-पुस्तक म्हणजे खरे तर एक बांधलेली पुडी असते. तिच्यात मजकुराच्या फाइली निराळ्या आणि अक्षर, अंतर, समास ठरवणारी फाइल निराळी. या दुसऱ्या फाइलीला स्टाइलशीट म्हणतात. ही कल्पना होकोन व्हियूम ली यांनी १९९४ साली मांडली आणि १९९६ च्या डिसेंबरात तिला जागतिक संकेताचे रूप मिळाले. फायदा सरळ आहे. एकदा रूप ठरले की तीस वर्षांच्या तीस वार्षिकांना तेच लावता येते, आणि उद्या बदलावेसे वाटले तर एकाच फाइलीत हात घालावा लागतो.

त्यासाठी मजकुरातल्या प्रत्येक भागाला त्याच्या कामावरून नाव द्यावे. ‘मोठे ठळक अक्षर’ असे न म्हणता ‘व्याख्यानाचे शीर्षक’ म्हणावे. तसेच ‘उपशीर्षक’, ‘अवतरण’, ‘ओवी’, ‘तळटीप’. पाच-सहा नावांत बहुतेक वार्षिक बसते. मग ओवीचे चरण फोनच्या अरुंद पडद्यावर मोडले, तर मोडलेला तुकडा थोडा आत सरकवा, अशी सूचना एकदाच द्यावी लागते.

दुसरी गोष्ट टंकनाची. वीस वर्षांपूर्वी टंकलेल्या पुष्कळ मजकुरात मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. तो विशिष्ट फॉन्ट नसलेल्या यंत्रावर नुसती खिचडी दिसते. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा आणि मूळ छापील पानाशी ताडून पाहावा. या पायरीवर घाई केली, तर पुढची सारी सजावट वाया जाते.

तिसरी गोष्ट आपल्या जिव्हाळ्याची आहे. देवनागरी लिपी एक असली तरी मराठी आणि हिंदी वळणांत फरक आहे. हिंदी ‘ल’ला उजवीकडे उभा दांडा असतो, मराठी ‘ल’ पाकळ्यांचा असतो. ‘श’चेही वळण वेगळे. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ठरवून दिला आहे. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही वळणांना एकच क्रमांक आहे. कोणते दिसेल ते फॉन्ट ठरवतो. काही फॉन्टांत दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे फाइलीत नोंदवले, तरच मराठी वळण पुढे येते. ही नोंद म्हणजे ‘एमआर’ ही दोन अक्षरे. ती नसली तर हिंदी वळण दिसते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. ‘टिरो देवनागरी मराठी’सारखे काही फॉन्ट तर मराठी वळणासाठीच वेगळे काढलेले आहेत. तो विनामूल्य आहे आणि त्याचा परवाना पुस्तकात फॉन्ट घालून देण्याची मुभा देतो. कोणताही फॉन्ट पुस्तकात घालण्यापूर्वी परवान्याची ही अट पाहावी.

हिंदी वळणाचा ‘ल’ वाचल्याने मराठी बुडते, असे मी म्हणणार नाही. पण बडोद्याचे मूल शाळेत गुजराती वाचते, बेळगावचे कन्नड, इंदूरचे हिंदी. छापील मराठी अक्षराशी त्याची भेट कदाचित आपल्या वार्षिकातच होते. तिथे तरी ते मराठी वळणाचे असावे. शिवाय त्याच नोंदीमुळे मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सोयीला भाषा कळते. ज्यांची नजर अधू झाली आहे, त्या सभासदांना ती नोंद फार उपयोगी आहे.

आता पानाची बांधणी. देवनागरीत शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. इंग्रजीसाठी ठरवलेल्या ओळींच्या अंतरात हे सारे एकमेकांत अडकते. अक्षराच्या आकाराच्या दीडपट ते पावणेदोनपट अंतर ठेवून पाहावे. अक्षरांमध्ये कृत्रिम अंतर घालू नये; शिरोरेषा तुटते. तिरप्या अक्षराची चाल इंग्रजीची आहे. आपल्याकडे ग्रंथनामाला अवतरणचिन्ह पुरते. अधोरेखनाने उकार कापले जातात. आणि अरुंद पडद्यावर ओळी दोन्ही बाजूंनी सारख्या करू नयेत, शब्दांत खिंडारे पडतात.

आकार ठोक मापात न देता वाचकाने निवडलेल्या आकाराच्या पटीत द्यावा. आजोबांनी अक्षर मोठे केले की शीर्षकही त्याच प्रमाणात वाढले पाहिजे.

रंगाचा मोह आवरावा. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण निदान साडेचारास एक असावे, असा सुगम वाचनाचा संकेत आहे. पांढऱ्यावर काळे म्हणजे एकवीसास एक. पण पुष्कळजण रात्री काळी पार्श्वभूमी लावून वाचतात. आपण मजकुराला काळा रंग पक्का करून ठेवला, तर काही यंत्रांवर काळ्यावर काळे होऊन पान कोरे दिसते. दोन्ही पार्श्वभूमींवर ही अट पुरी करणारे रंग फारच थोडे. म्हणून मजकुराचा रंग वाचकाच्या यंत्रावर सोडावा आणि भेद दाखवायचा तो आकार, ठळकपणा व मोकळी जागा यांनी दाखवावा.

शेवटी परीक्षा. अवघड शब्दांचे एक पान तयार ठेवावे : वाङ्मय, कर्तृत्व, शुश्रूषा, ऊर्ध्व, ऱ्हास, ॲड., लल्लू. त्यात ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ शेजारी-शेजारी लिहावेत. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरांतल्या, आणि फॉन्ट कच्चा असला तर हा भेदच मोडतो. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली, त्यामुळे जुन्या फॉन्टांत तिथे रिकामा चौकोन येऊ शकतो. हे पान सर्वांत स्वस्त फोनवर, जुन्या फोनवर आणि अक्षर दुप्पट करून पाहावे.

सुरुवात सबंध वार्षिकाने करू नये. एकच व्याख्यान घ्यावे, सहा नावे, एक फॉन्ट, एक स्टाइलशीट. ते मंडळातल्या सर्वांत वयस्कर आणि सर्वांत धाकट्या वाचकाला द्यावे, आणि दोघेही न अडखळता वाचू लागले की मग दुसरे व्याख्यान हाती घ्यावे.