घरातल्याच दोन गाड्या एकमेकींना धडकल्या, तर इन्शुरन्सचे पैसे मिळतात का?

पार्किंग अरुंद, ऑफिसला निघायची घाई. तुम्ही कार रिव्हर्स घेता आणि मागे उभ्या असलेल्या घरच्याच दुसऱ्या कारला ठोकता. एकीचा बंपर गेला, दुसरीचा हेडलाइट फुटला. इन्शुरन्स दोन्हींचा आहे. मग खर्च कोणत्या पॉलिसीतून निघणार?

आधी दोन्ही आरसीवरचं नाव बघा. दोन्ही कार एकाच्याच नावावर असतील, तर थर्ड पार्टी क्लेमचा विषय तिथेच संपला. थर्ड पार्टी म्हणजे तिऱ्हाईत. विमाधारकाच्या स्वतःच्या किंवा त्याच्या ताब्यातल्या वस्तूचं नुकसान या कव्हरमध्ये येत नाही, असं पॉलिसीतच लिहिलेलं असतं. स्वतःकडूनच भरपाई कशी मागणार?

दुसरी कार बायकोच्या नावावर असेल, तर कागदोपत्री ती तिऱ्हाईत ठरू शकते. पण त्यासाठी पोलिसांत नोंद आणि मग मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. एका हेडलाइटसाठी नवऱ्याविरुद्ध दावा कोण लावणार?

म्हणून बहुतेक वेळा उरतं ते ओन डॅमेज कव्हर, तेही प्रत्येक कारचं वेगळं. म्हणजे दोन क्लेम, आणि खिशातून भरायची सक्तीची रक्कमही दोनदा. १५०० सीसीपर्यंतच्या कारला ती १,००० रुपये आहे, त्यापुढे २,०००. एखाद्या कारची पॉलिसी फक्त थर्ड पार्टी असेल, तर तिचा सगळा खर्च तुमचाच.

क्लेम करण्याआधी हे गणित मात्र नक्की मांडा. समजा, बंपर ८,००० रुपयांचा आहे. झिरो डेप नसेल, तर प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. राहिले ४,०००. त्यातून १,००० वजा केले की हातात ३,०००. आता दुसरी बाजू. तुमचा नो क्लेम बोनस सध्या ३५ टक्के असेल, तर क्लेम न केल्यास पुढच्या वर्षी तो ४५ टक्के होतो. ओन डॅमेजचा मूळ प्रीमियम १२,००० धरला, तर ही सूट ५,४०० रुपयांची. क्लेम केलात की बोनस शून्यावर, आणि पुन्हा २० टक्क्यांपासून सुरुवात. ३,००० साठी ५,४०० घालवायचे का, हे तुम्हीच ठरवा. दार, बोनेट असं मोठं काम निघालं, तर क्लेम परवडतो.

‘गेटला घासली’ असं सांगून मोकळं व्हायचा मोह अनेकांना होतो. गंमत म्हणजे त्याची गरजच नसते, कारण ओन डॅमेजमध्ये कार कशाला धडकली यावर पैसे अडत नाहीत. उलट दुसऱ्या कारचा रंग बंपरवर सर्व्हेअरला दिसला आणि फॉर्ममध्ये गेट लिहिलेलं असलं, तर खोट्या माहितीवरून क्लेम नाकारला जाऊ शकतो.