जुळ्या कोकरांचा प्रबंध

शिरोली एमआयडीसीतल्या कुठल्याही बऱ्या फौंड्रीत भट्टीतला रस साच्यात ओतण्याआधी त्यातला चमचाभर बाजूला काढतात, नाण्याएवढी चकती पाडतात आणि स्पेक्ट्रोमीटरवर ठेवतात. कार्बन किती, सिलिकॉन किती, मँगेनीज किती, सगळं मिनिटाभरात कळतं. मग त्या रसातून निघालेल्या कास्टिंगवर हीट नंबर पडतो. पुढे कधी चाकणच्या कारखान्यात एखादा भाग तडकला, तर त्या नंबरावरून ती पाळी, तो दिवस आणि भट्टीत पडलेला कच्चा माल इथपर्यंत मागे येता येतं.

शिरोली हातकणंगले तालुक्यात. याच तालुक्यातल्या पट्टणकोडोलीला दिवाळीच्या तोंडावर विठ्ठल-बिरदेवाची जत्रा भरते. महाराष्ट्र, कर्नाटक, गोव्यातले धनगर येतात आणि भंडाऱ्याने गाव पिवळं होतं. पाऊस उघडला की मेंढ्यांचे कळप वाटेला लागतात, कापणी झालेल्या रानात रात्रीचे बसतात आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घेऊन पुढच्या गावाला जातात. या कळपातल्या मेंढीला मात्र हीट नंबर नाही. तिची आई कोण, बाप कोणता मेंढा, किती वेतं झाली, किती कोकरं जगली, हे मेंढक्याच्या डोक्यात असतं. शेकडो मेंढ्यांतून तो आपली मेंढी चालीवरून ओळखतो. पण कागदावर एक ओळ नसते, आणि तो म्हातारा गेला की चाळीस-पन्नास वर्षांची वंशावळ त्याच्याबरोबर जाते.

पशुधनाच्या अनुवंशशास्त्रात पीएच.डी. करू पाहणाऱ्या मुलामुलींनी आधी हे समजून घ्यावं असं मला कळकळीने वाटतं. जीनोम वाचणारी यंत्रं आता देशात पुष्कळ आहेत, नमुना पाठवला की अक्षरं हातात येतात. पण ती अक्षरं ज्या जनावराची, त्याने दूध किती दिलं, ते कितीदा व्यालं, आजारी कधी पडलं, याची नोंद नसेल तर त्या अक्षरांना अर्थ लागत नाही. या विषयातली खरी टंचाई नोंदींची आहे. ज्याने आधी कळपात बसून नोंदी केल्या, त्याचा प्रबंध उभा राहिला. याचा सर्वांत चांगला दाखला आपल्याच भागात, फलटणला आहे.

बनबिहारी निंबकरांनी १९६८ साली फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. तिचं इंग्रजी आद्याक्षरांचं नाव नारी. दख्खनी मेंढी काटक, दुष्काळ सोसणारी, मैलोन्‌मैल चालणारी; पण एका वेताला बहुधा एकच कोकरू देणारी. लोकर कोणी विचारेनाशी झाली तेव्हापासून मेंढपाळाचं उत्पन्न म्हणजे विकलेली कोकरं, एवढंच उरलं. कुरणं आकसत चालली, तेव्हा मेंढ्या वाढवून उत्पन्न वाढण्याची आशा नव्हती. आहे त्या मेंढीला दोन कोकरं झाली तरच काही हाती लागणार होतं.

बंगालच्या सुंदरबनात गारोळ नावाची मेंढी आहे. अंगाने दख्खनी मेंढीच्या निम्मीसुद्धा नाही, पण जुळी-तिळी सहज देते. तिची गोष्ट ऑस्ट्रेलियाला वळसा घालून येते. न्यू साउथ वेल्समधल्या बुरूला नावाच्या शेतावर मेरिनो मेंढ्यांचा एक कळप होता. त्यातल्या मेंढ्यांना कोकरं जास्त होत. तिथल्या शास्त्रज्ञांनी कारण शोधायला सुरुवात केली तेव्हा हा एकाच जनुकाचा प्रभाव असावा असं दिसलं. जुनी दप्तरं चाळताना सापडलं की १७९० च्या दशकात कलकत्त्याहून जहाजाने बंगाली मेंढ्या सिडनीला गेल्या होत्या. पुढे डीएनएच्या तपासणीने गारोळमध्येही तेच जनुक असल्याची खातरजमा झाली. त्याला फेक-बी म्हणतात.

निंबकरांनी सुंदरबनातून गारोळ फलटणला आणल्या. १९९८ पासून ऑस्ट्रेलियाच्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्राच्या मदतीने मोठा प्रकल्प सुरू झाला. त्यात पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आर्मिडेलचं न्यू इंग्लंड विद्यापीठ होतं. फलटणची बाजू निंबकरांच्या कन्या चंदा निंबकर यांनी सांभाळली आणि दख्खनी मेंढीच्या सुधारणेवरच आर्मिडेलहून पीएच.डी. केली.

गारोळ आणि दख्खनीचा संकर केला की पिल्लात अर्धं रक्त गारोळचं येतं आणि अंग लहान राहतं. म्हणून ते पुन्हा दख्खनीला द्यायचं. गारोळचा वाटा पावावर येतो, मग अर्ध्या पावावर. अंग भरत जातं, पण दर पिढीत निम्म्याच पिल्लांकडे ते जनुक उतरतं. कोणत्या निम्म्यांकडे, हे वरून बघून कळत नाही. मादीचं तिच्या वेतांवरून कळे. नराचं कळायला त्याच्या मुली मोठ्या होऊन व्यायची वाट बघावी लागे, आणि त्यात वर्षं जात.

२००१ साली ती कोंडी फुटली. तीन वेगवेगळ्या गटांनी जवळपास एकाच वेळी दाखवलं की हे जनुक म्हणजे अंडाशयातल्या एका ग्राही प्रथिनातला एका अक्षराचा फरक आहे. मूळ साखळीत २४९ व्या जागी ग्लुटामिन असतं, तिथे आर्जिनिन येतं. त्यामुळे ग्राही मंदावतो, बीजपुटिका लवकर पिकतात आणि एकाऐवजी दोन-तीन अंडी सुटतात. आता रक्ताच्या थेंबावर काम भागू लागलं. डीएनएचा १९० अक्षरांचा तुकडा वाढवायचा आणि त्यावर एव्हीए-टू नावाचं कातरणारं विकर सोडायचं. बदल असेल तर तुकडा कापला जाऊन १६० अक्षरांचा उरतो. जेलवर एकच पट्टी १९० वर दिसली तर कोकराकडे जनुक नाही, १६० वर दिसली तर दोन्ही प्रती आहेत, दोन्हीकडे दिसली तर एक प्रत आहे. कोकरू दूध पीत असतानाच त्याचा निकाल हातात. हीच तपासणी पुण्याच्या प्रयोगशाळेत फलटणच्या मेंढ्यांसाठी बसवली गेली.

एवढ्यावर प्रबंध संपला असता तर तो इतर शेकडो प्रबंधांसारखाच कपाटात गेला असता. मेंढपाळांचे प्रश्न यापुढचे होते. दिवसभर चालणाऱ्या मेंढीला दोघांपुरतं दूध येईल का? अशक्त कोकरू वाटेत कोण उचलून नेणार? तिळी झाली तर? ही उत्तरं जेलवर मिळणारी नव्हती. म्हणून मेंढपाळांच्याच कळपांत नर दिले गेले, कोकरं तोलली गेली, मेलेल्यांची नोंद झाली. दोन प्रतींच्या मेंढ्यांना तिळ्यांचा धोका जास्त, तर एका प्रतीवर जुळं हे मेंढीला झेपणारं माप आहे असं दिसलं. मग सोपी युक्ती: दोन प्रती असलेला नर साध्या मेंढ्यांत सोडायचा, म्हणजे प्रत्येक कोकराकडे एकेक प्रत नक्की जाते. त्यात कर्नाटकच्या बन्नूरचं आणि इस्रायलच्या आवासीचंही रक्त मिसळून जी मेंढी तयार झाली ती नारी सुवर्णा. राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय मेंढी संशोधन संस्थेने गारोळचंच जनुक घेऊन अविशान मेंढी तयार केली.

चंदा निंबकरांच्या आजी म्हणजे इरावती कर्वे. त्यांनी बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली मानवी कवट्यांच्या असमानतेवर पीएच.डी. केली, आणि वंशश्रेष्ठत्व मानणाऱ्या त्या गुरूच्या अपेक्षेविरुद्ध जाणारे निष्कर्ष मांडले. अनुवंशशास्त्राचा इतिहास निर्मळ नाही. ‘शुद्ध रक्ता’च्या हव्यासाने माणसांचं काय केलं हे या विषयात येणाऱ्याने वाचलेलं असावं. जनावरांतही ‘शुद्ध बीज’ या शब्दांना भुलण्यापेक्षा मापून बघण्याची सवय बरी.

न मापता निवड केली की काय होतं हे जत तालुक्यातल्या माडग्याळ मेंढीत दिसतं. उंच अंग आणि पोपटाच्या चोचीसारखं वळलेलं नाक ही तिची ओळख. २०२० साली आटपाडीच्या बाजारात अशा एका मेंढ्याला ७० लाखांची मागणी आल्याची बातमी राज्यभर गाजली. त्या नाकाबरोबर वाढीचा वेग, दूध, कोकरांचं जगणं यांतलं काय पुढे जातं आणि काय मागे पडतं? थोडक्याच नावाजलेल्या मेंढ्यांवर सगळे तुटून पडले तर रक्ताची जवळीक किती वाढते? कुणा मुलाने किंवा मुलीने हा विषय घ्यावा. त्यासाठी विमानाने कुठे जावं लागणार नाही, जतला एसटीने जाता येतं.

जुळ्यांचं जनुक एकटं होतं म्हणून ते पकडता आलं. दूध, वजन, रोगप्रतिकार यांवर हजारो जनुकांचा थोडा थोडा भार असतो. त्याच २००१ साली म्यूविसेन, हेज आणि गॉडर्ड यांनी मांडलं की सगळ्या जीनोमभर पसरलेल्या खुणा एकदम वाचून जनावराची आनुवंशिक किंमत काढता येईल. हीच जीनोमिक निवड. अमेरिकेत होल्स्टीन गायींसाठी ती २००९ पासून रुळली. पूर्वी वळूच्या मुली दुधाला येईपर्यंत थांबावं लागे, आता वासराच्या कानातल्या तुकड्यावर निर्णय होतो. पण त्यामागे लाखो गायींच्या दुधाच्या नोंदी होत्या. आपल्याकडे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीमच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी देशी जातींसाठीची जीनोमिक चिप जाहीर केली. गायींसाठी गौ-चिप, म्हशींसाठी महिष-चिप. चिप आली हे चांगलंच झालं. तिच्याशी जोडायच्या दुधाच्या नोंदी अजून व्हायच्या आहेत.

आणि इथे कोल्हापूरची गोष्ट वेगळी आहे. १९६३ साली स्थापन झालेल्या गोकुळच्या गावोगावच्या संस्थांत सकाळ-संध्याकाळ प्रत्येक सभासदाचं दूध मोजलं जातं: लिटर, फॅट, एसएनएफ. वर्षानुवर्षांचं हे दप्तर आहे. पण ते सभासदाच्या खात्यावर आहे. घरातल्या दोन म्हशी आणि एका गायीतल्या कुणाचं किती, हे त्यात नाही. दुसरीकडे त्याच जनावरांच्या कानात बारा अंकी बिल्ले आहेत, कृत्रिम रेतनाच्या नोंदी आहेत. खातं, बिल्ला आणि वळूचा नंबर यांची सांगड घालून, महिन्यातून एकदा प्रत्येक जनावराचं दूध वेगळं मोजलं, तर सहकारी संघांच्या दप्तरातून जीनोमिक निवडीचा पाया उभा करता येईल का? माझ्या मते हा आपल्या भागातला पहिल्या क्रमांकाचा पीएच.डी.चा प्रश्न आहे. त्यात संख्याशास्त्र आहे, संगणक आहे आणि रोज पहाटे डेअरीच्या रांगेत उभं राहणंही आहे.

दुसरा प्रश्न पंढरपुरी म्हशीचा. तलवारीसारखी पाठीवर गेलेली लांब शिंगं, आटोपशीर अंग. कोल्हापूर शहरात गिऱ्हाइकासमोर धार काढून धारोष्ण दूध देणारे कट्टे तिच्यामुळे टिकले, कारण परक्या जागी, गर्दीतही ती पान्हा सोडते. पाडव्याला गवळी हिचीच शिंगं रंगवून, गळ्यात माळा घालून मिरवणूक काढतात. आता गोठ्यांत मुऱ्हा आणि मेहसाणा आल्या. जीनोमच्या खुणांवरून सांगता येईल की आजच्या ‘पंढरपुरी’त मूळची किती उरली आहे. पान्हा सोडण्याचा हा गुण अनुवंशाचा किती आणि गवळ्याच्या हाताचा किती, हेही कुणीतरी नीट तपासावं.

आता वाटांविषयी. पशुवैद्यकाची सरळ वाट लांबची आहे: साडेपाच वर्षांची पदवी, दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण आणि पुढे किमान तीन वर्षं पीएच.डी. राज्यात ही वाट नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडून जाते. त्याचं शिरवळचं महाविद्यालय कोल्हापूर-पुणे रस्त्यावरच आहे. बाहेर कर्नालची राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्था, तिथलाच पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरो, बरेलीजवळची इज्जतनगरची संस्था. दुसरी वाट जैवतंत्रज्ञान, संख्याशास्त्र किंवा संगणकाच्या पदवीवरून येणाऱ्यांची. हैदराबादच्या राष्ट्रीय पशू जैवतंत्रज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी त्यांना दार उघडं असतं. नेट उत्तीर्ण झालेल्याला २०२३ पासून केंद्राच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांत पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार आणि पुढे ४२ हजार रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. राज्यात सारथी, बार्टी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. धनगर समाजातल्या मुलामुलींसाठी महाज्योतीची वाट आहे, आणि ज्यांच्या घरात कळप आहे त्यांनीच या विषयात यावं असं मला फार वाटतं. मेंढीचं वय दातावरून ओळखायला त्यांना शिकवावं लागणार नाही.

मार्गदर्शक निवडताना प्रयोगशाळेत कोणतं यंत्र आहे हे शेवटी विचारावं. कळप कुठला आणि त्याच्या नोंदी किती वर्षांच्या, हे आधी. राहुरीच्या कृषी विद्यापीठात दख्खनी मेंढी आणि संगमनेरी शेळी यांच्या, तर फलटणला उस्मानाबादी शेळीच्या नोंदी राष्ट्रीय प्रकल्पांतून ठेवल्या जातात. अशा नोंदींवर काम करणाऱ्याला पहिल्या वर्षीच प्रश्न सापडतो. बाकीच्यांना तो तिसऱ्या वर्षीही सापडत नाही, असं मी बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिलं आहे.

परदेशी जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. एडिंबरोची रॉस्लिन, नेदरलँड्सचं वाखनिंगन, आर्मिडेल, ही या विषयाची मोठी घरं आहेत. तिथल्या गणिताची तोड आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी आहे, जरूर जावं. पण इथल्या जनावरांचं रक्त किंवा डीएनए तिथे न्यायचं असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखालची परवानगी लागते आणि ती चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडून घ्यावी लागते. पुष्कळ विद्यार्थ्यांना हा कागदांचा जाच वाटतो. कलकत्त्याच्या बंदरातून मेंढ्या जहाजावर चढल्या तेव्हा असा कायदा नव्हता. त्या जनुकावर पुढे जगभर प्रबंध झाले, नव्या जाती झाल्या आणि सुंदरबनातल्या मेंढपाळाला त्यातलं काही मिळालं नाही. परवानगीच्या अर्जात नमुना कुणाच्या जनावराचा आणि फायद्यातला त्याचा वाटा काय, हे लिहायचं असतं. तो रकाना भरताना मेंढपाळाला समोर बसवून, त्याला विचारूनच भरावा.